नवरा गेला, असं मी म्हणाले

५ सप्टेंबर

विद्यापीठातला पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी मी एक घोळ घालून आले आहे.

मातीच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे नवे विद्यार्थी स्टुलांवर गोल करून बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने आपण कोण आणि इथे का आलो ते सांगा. बाकी सगळी विशी-बाविशीतली पोरं. अडतिसाव्या वर्षी, माती परीक्षण केंद्रातली पक्की नोकरी सोडून, परक्या देशात पुन्हा बाकावर बसायला का आलीस, याचं उत्तर मी विमानात घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी ते आठवेना. मग मनातलं मराठीच बाहेर पडलं, फक्त इथल्या भाषेचे कपडे घालून. "नवरा गेला. मग वाटलं, राहिलेलं शिक्षण पूर्ण करावं."

आपल्याकडे नवरा ऑफिसला जातो, गावाला जातो, कंटाळून दुसरीकडे राहायलाही जातो. इथल्या भाषेत, त्या वाक्यात, तो एकाच ठिकाणी जातो.

शेजारचा ताडमाड मुलगा (त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, मनातल्या मनात मी त्याला लांबू म्हणते) हळूच म्हणाला, "फार वाईट झालं." मॅडमनी चष्मा काढून हातात धरला. मला वाटलं, काय सज्जन लोक आहेत, घटस्फोटाचं एवढं मनाला लावून घेतात! जिना उतरताना डोक्यात प्रकाश पडला.

तिथल्या तिथे मागे फिरून सांगायला हवं होतं. उद्या सांगते.

६ सप्टेंबर

नाही सांगितलं.

१० सप्टेंबर

अजूनही नाही. आता कसं सांगणार? "माफ करा, माझा नवरा जिवंत आहे" हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. म्हणताना हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली.

खरं कारण लिहायचं तर लिहिते. गेले सात महिने मला भेटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा: चूक कुणाची? केंद्रातल्या सहकारी बायका डबा खाताना मी आले की विषय बदलायच्या. वहिनी प्रेमाने म्हणायची, "तुमचं तरी काय चुकलं असणार," म्हणजे काहीतरी चुकलं असणारच. इथे पाच दिवस झाले, कुणी काही विचारत नाही. लांबू माझ्यासाठी दार धरून उभा राहतो. चूक कुणाची नसलेली बाई म्हणून मला पहिल्यांदाच कुणीतरी पाहतंय.

ऊबदार वाटतं. असं वाटू नये हे कळतं.

२१ सप्टेंबर

आज शिवारातून नमुने आणले. ओल्या मातीच्या पिशव्यांना जीव जाईस्तोवर वजन असतं. लांबूने माझ्या पिशव्याही खांद्यावर टाकल्या आणि घरापर्यंत आणून दिल्या. दार घरमालकिणीने उघडलं.

घरमालकीण पासष्टीची आहे. आयुष्यभर शहरातली बस चालवली. अजूनही स्वयंपाकघरात शिरताना डावी-उजवीकडे बघून शिरते. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात? मी 'मावशी' म्हटलं. तिला शब्द आवडला. आता फोनवर मैत्रिणींनाही सांगते, मी 'माउसी' झाले म्हणून.

मी वर हात धुवायला गेले तेवढ्यात लांबूने खाली मावशींना सांगून टाकलं असावं. मी आले तर मावशी माझ्याकडे वेगळंच बघत होत्या.

"तू बोलली नाहीस मला," त्या म्हणाल्या. "नवरा गेला तुझा?"

लांबूपुढे काय बोलायचं? मी "हो" म्हटलं.

आधीची चूक जिभेची होती. हा "हो" माझा.

४ ऑक्टोबर

आईचा फोन. शेजारी तिने सांगितलंय की जावयांना परदेशात नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे गेले.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय सांगू? लोक दार लोटून विचारायला येतात. तुझं काय, तू बसलीस तिकडे जाऊन."

मी तिच्यावर चिडले. खोटं किती दिवस टिकणार, उघडं पडलं म्हणजे काय करशील, असं बरंच बोलले. फोन ठेवल्यावर कानशिलं तापली. तिकडे तो माझ्याबरोबर परदेशात सुखाने नांदतोय, इकडे तो देवाघरी आहे, आणि तो बिचारा आपल्या जुन्याच फ्लॅटमध्ये सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत असेल.

१२ ऑक्टोबर

मावशींनी विचारलं, "कशानं गेला?"

मी म्हणाले, हृदयानं. झोपेत. सकाळी उठवायला गेले तर हात गार होता.

हे बाबांचं मरण आहे. बाबांना असंच आलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ते उचलून त्याच्या अंगावर घातलं. आणि सांगता सांगता मला रडू फुटलं, असं तसं नाही, हुंदके देऊन. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, खंबीर आहात. मावशींनी मला धरून ठेवलं. त्यांच्या स्वेटरला साबणाचा वास होता.

मी बाबांसाठी रडत होते. दुसऱ्या कोणासाठी रडणार?

२ नोव्हेंबर

फोटो दिला.

मावशींच्या स्वयंपाकघरात हीटरच्या वर एक फळी आहे. तिच्यावर त्यांच्या नवऱ्याचा फोटो: जाड मिशा, हातात मासा. सकाळी चहा ओतताना त्या त्याला "काय, उठलास का?" म्हणतात. आज म्हणाल्या, "याला इथे एकट्याला करमत नाही. तुझ्या माणसाचा एखादा असेल तर ठेव. दोघं गप्पा मारतील."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. फोनमध्ये त्याचे फोटो होते. पुसून टाकायचे राहून गेले होते. लांबूने प्रयोगशाळेतल्या प्रिंटरवर छापून दिला. डोंगरावर काढलेला, वाऱ्याने केस उडालेले, डोळे बारीक केलेले. मावशी म्हणाल्या, "देखणा होता."

"हो," मी म्हणाले. हे मात्र खरं आहे.

१८ नोव्हेंबर

इथे पाच वाजताच अंधारतं. लिहायचं जिवावर येतं, पण आजचं लिहायलाच हवं.

जेवणं झाल्यावर मावशी भांडी पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुला कळेल म्हणून सांगते. बहिणीलासुद्धा बोलले नाही."

नवरा आजारी होता, बरेच महिने अंथरुणाला खिळलेला. तो गेला तेव्हा मावशी ड्यूटीवर होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी भर रस्त्यात, सोडून येता आलं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"त्या दिवशी मला सुट्टी होती," मावशी म्हणाल्या. "सकाळी त्याचा श्वास बदललेला मी ऐकला. ऐकला आणि डेपोत गेले. म्हटलं, कुणाची फेरी असेल तर द्या मला. दिवसभर बस चालवली. मला तिथे बसवत नव्हतं गं."

त्या वळल्या. "तू होतीस ना जवळ? सकाळी तूच पाहिलंस ना? तुझं बरं आहे."

मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आज कळलं. एका बाईने आयुष्यभर जपलेलं दुखणं मी बनावट तिकीट दाखवून पाहून आले.

उद्या सांगायचंच. घर गेलं तरी चालेल.

१९ नोव्हेंबर

मावशींनी सकाळी माझ्या कपात स्वतःहून साखर घातली. नाही सांगता आलं.

२७ जानेवारी

मधले दोन महिने वहीला हात लावला नाही. लिहायला बसलं की लिहावं लागेल म्हणून.

शिवाराचा अहवाल द्यायची तारीख टळली. चूक माझीच: नमुने नीट न वाळवता चाळायला घेतले, चाळणीत चिखल झाला, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. केंद्रात इतकी वर्षं हेच काम केलेल्या बाईने असं करावं! मॅडमनी बोलावून घेतलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमचा हा महिना अवघड असेल. वर्ष होत आलं ना? मी मुदत वाढवून देते."

वर्ष खरंच होत आलंय (महिना मीच कधीतरी वर्गात बोलून गेले होते). तो घर सोडून गेला त्याला. मी "आभारी आहे" म्हणाले आणि बाहेर आले.

आतापर्यंत मी खोट्याला नुसतं बसू देत होते. आज त्याचा उपयोग करून घेतला.

८ फेब्रुवारी

सगळं संपलं. क्रमाने लिहिते.

रविवार, सकाळ. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अहवालाचे तक्ते करत होते, कारण घरात इंटरनेट फक्त तिथेच धड चालतं. त्याचा व्हिडिओ कॉल आला. वर्षभरात पहिलाच. मावशी फिरायला बाहेर गेल्या होत्या, म्हणून उचलला.

"फ्लॅट सोडतोय," तो म्हणाला. केस पिकलेत त्याचे. "तुझं सामान आहे माळ्यावर. शिलाई मशीन, ती निळी रजई, पुस्तकांची खोकी. काय करू? आईंकडे पोचवू का?"

"मशीन वहिनीला दे," मी म्हणाले.

"आणि रजई?"

मी विचार करत होते. मागे दार वाजलं. मावशी आल्या, नेहमीसारखं डावी-उजवीकडे बघून आत शिरल्या. मला लॅपटॉप मिटायचा होता, पण तोवर त्या टेबलापाशी पोचल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे. तो आपला सभ्य माणूस, त्याने हसून नमस्कार केला.

मावशींनीही मान लववली. गळ्यातला मफलर काढून खुंटीला अडकवला. आणि वर निघून गेल्या.

"या कोण?" तो विचारत होता. "बऱ्या आहेत ना? चेहरा उतरला एकदम."

मी "नंतर बोलते" म्हणून बंद केला.

मावशी दुपारी खाली आल्या. माझी मोळी बांधलेली वाक्यं सगळी सुटली. एवढंच म्हणाले, "घटस्फोट झालाय. पहिल्या दिवशी चुकून तसं बोलले, मग..."

"चुकून," मावशी म्हणाल्या. "फोटोही चुकून दिलास?"

मी टेबलावरचे तक्ते गोळा करू लागले.

"मी खोटं बोललेली बाई आहे, तुला माहीत आहे. तुला एकटीलाच माहीत आहे. पण मी कुणाच्या ताटातलं काढून घेतलं नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माझं खरं तू तुझ्या खोट्यावर काढून घेतलंस. ते आता परत कसं देणार आहेस?"

फळीवरचा त्याचा फोटो काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. उलटा नाही, सुलटाच. वाऱ्याने केस उडालेला.

९ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग कोरडेपणाने म्हणाल्या, "मुदतवाढ रद्द होईल. उशिराचे गुण कापले जातील. आणि विभागाला मला कळवावं लागेल." मी म्हटलं, बरोबर आहे. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "इतके महिने कुणी तुमच्याशी वाईट वागलं का इथे? खरं सांगायची भीती वाटावी असं?"

"नाही," मी म्हणाले. "सगळे फार चांगले वागले. म्हणूनच."

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. मला स्वतःला पुरतं कळलेलं नाही.

लांबूला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तो आधी लालबुंद झाला. मग बराच वेळ घास चावत राहिला.

"म्हणजे मी उगाचच इतके महिने तुझी माती वाहिली?"

"हो."

"ती तर फार जड होती."

तो उठून दुसऱ्या टेबलावर गेला. विनोद केला की राग, ते कळलं नाही. दोन्ही असावं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं. चाळण्या धुताना माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. ते डोळे मी ओळखते. तिकडे ते उगाच होते, इथे मी कमावलेत.

३ मार्च

मावशींनी घर सोडायला सांगितलं नाही. राहा असंही म्हणाल्या नाहीत. त्यांची खाण्याची वेळ बदलली आहे. मी खाली गेले की त्या वर असतात. माझ्यासाठी जिन्यातला दिवा मात्र चालू ठेवतात. मी तो बंद करून वर येते आणि पलंगावर बसून राहते. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या पाहून ठेवल्या आहेत. सामान बांधायला हात होत नाही, कारण असं गेले तर पळून गेल्यासारखं होईल, आणि राहिले तर निर्लज्जासारखं.

१५ मार्च

आज मी खालचा नळ दुरुस्त करत होते, वायसर बदलायचा होता. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"मग गेला कसा?" त्यांनी विचारलं. "खरा."

मी पाना खाली ठेवला.

सांगायला काही नव्हतंच, असं मला इतके दिवस वाटायचं. भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. लोकांना सांगण्यासारखं एखादं कारण तरी हवं होतं! आम्ही दोघं एकमेकांशी फार चांगले वागायचो, एका कचेरीतल्या दोन टेबलांसारखे. एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आपण दोघंही जागे असतो. पण समोरच्याला कळू नये म्हणून डोळे मिटून पडून राहतो. असं किती वर्षं करायचं?"

"मग तू काय म्हणालीस?" मावशींनी विचारलं.

"मी म्हणाले, चहा गार होतोय."

"आणि?"

"आणि त्याने चहा प्यायला. पुढच्या आठवड्यात मित्राकडे राहायला गेला. मी बॅग भरायला मदत केली. इस्त्रीचे शर्ट वरती ठेवले, चुरगळू नयेत म्हणून. मग मीच माहेरी निघून गेले आणि त्याला म्हटलं, फ्लॅटमध्ये तूच राहा."

"थांब म्हणालीस?"

"नाही."

"जा म्हणालीस?"

"तेही नाही."

मावशी खुर्ची ओढून बसल्या. नळ ठिबकत होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे तूही तिथे नव्हतीस."

मी घरातच होते, असं म्हणायला गेले, आणि त्याऐवजी पाना उचलून पुन्हा नळाला लावला.

त्यांनी मला जवळ घेतलं नाही. "वायसर उलटा बसवतेयस," म्हणाल्या आणि पाना माझ्या हातातून घेतला.

२० मे

अहवाल पास झाला, काठावर. परीक्षाही झाली. विभागाकडून एक कडक समज मिळाली, ती मी सही करून घेतली. लांबू पुन्हा माझ्याच टेबलावर बसतो. पिशव्या उचलत नाही. मावशी आणि मी रविवारी एकत्र जेवतो. फळीवर मासेवाला एकटाच आहे.

आईलाही सांगून टाकलं, शेजाऱ्यांना खरं सांग. ती म्हणाली, "बघू." मी तिच्यावर चिडले नाही. कुठल्या तोंडाने चिडणार?

विद्यापीठाचं वर्ष सरलं. आठ महिन्यांपूर्वी विमानतळावर मला वाटलं होतं की मी नवं आयुष्य सुरू करायला चालले आहे. मी जुन्याचंच सुतक पाळायला आले होते, तेही चोरून. मरण खोटं होतं, सुतक नव्हतं, असं एकदा मनात आलं. पण त्याने माझी सुटका होत नाही. ज्या माणसांनी मला जवळ घेतलं ती खरी होती.

आता एकालाच सांगायचं राहिलंय.

२२ मे

आज त्याला मी फोन लावला. व्हिडिओच लावला. नव्या घरात अजून पडदे लागलेले नाहीत, मागे नुसत्या भिंती. त्याचा आवाज घुमत होता.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "इथे मी सगळ्यांना सांगितलं होतं की तू गेलास. म्हणजे, वारलास."

तो बघतच राहिला. मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले. "मी कशानं गेलो?"

"हृदयानं. झोपेत."

"बाबांसारखा," तो म्हणाला. त्याला लगेच कळलं. त्या सकाळी बाबांच्या खोलीत माझ्यामागे तोच उभा होता. "चांगलं दिलंस की. त्रास झाला नाही मला."

"गंमत नको करूस. मी फार वाईट वागले आहे."

"हो," तो म्हणाला. "वागली आहेस."

मी मान खाली घातली. त्याने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"रडलीस का?"

"हो. पुष्कळ."

"माझ्यासाठी?"

बाबांसाठी, असं म्हणता आलं असतं. "तुझ्यासाठी," मी म्हणाले. "लोकांसमोर. एकटीला येत नव्हतं."

मला वाटलं चित्र अडकलं, पण त्याच्या पापण्या हलत होत्या.

"मला इथे कुणी विचारलंच नाही गं," तो शेवटी म्हणाला. "घर सोडून जाणारा माणूस. त्याला काय विचारायचं? सगळे म्हणाले, तुझ्या मनासारखं झालं ना, मग आता काय."

"तू कसा आहेस?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्याला रोज विचारायचे, हातातलं काम चालू ठेवून. आज हात मांडीवर होते.

त्याने सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्याचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने मनगटाने डोळे पुसले, तोंड बाजूला वळवलं, आणि त्याचा हात स्क्रीनकडे आला.

"कॅमेरा बंद करतो जरा," तो म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "असू दे."